सात सीटची एसयूव्ही घेताना भरवसा कसा जोखायचा

सात माणसांची गाडी रस्त्यात बंद पडली की अडचण पाच सीटच्या गाडीपेक्षा कितीतरी मोठी होते. एका टॅक्सीत सगळे मावत नाहीत. लहान मुलांच्या सीट काढून दुसरीकडे बसवाव्या लागतात आणि घरातली वयस्कर माणसं रस्त्याच्या कडेला ताटकळत राहतात. म्हणून अशी गाडी निवडताना सनरूफ, स्क्रीन आणि हॉर्सपॉवर यांच्या आधी भरवशाचा विचार व्हायला हवा. पण नेमका हाच विचार बहुतेक घरांत एका वाक्यात उरकला जातो: "त्या कंपनीच्या गाड्या चांगल्या असतात."

माझं मत स्पष्ट आहे. भरवसा कंपनीच्या नावात शोधू नका. तो ठरतो कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, गाडी कोणत्या वर्षी बनली आणि तुमच्या घरी ती कशी वापरली जाणार यावर. निसान पाथफाइंडर हे याचं उत्तम उदाहरण. २०१३ च्या मॉडेलपासून या तीन रांगांच्या गाडीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर किंवा साखळीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मिळाला. त्या गिअरबॉक्सच्या इतक्या तक्रारी आल्या की अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांसाठी कंपनीला त्याची वॉरंटी वाढवावी लागली. २०२२ च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी काढून ९ गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक दिला गेला. गाडीचं नाव आणि कंपनी तीच, पण यांत्रिकदृष्ट्या ती वेगळीच गाडी झाली. "पाथफाइंडर भरवशाची आहे का?" या प्रश्नाला त्यामुळे एक उत्तर असूच शकत नाही.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. काही पायऱ्या अर्ध्या तासात होतात, एक-दोन पायऱ्यांना चांगला आठवडा द्यावा लागतो.

पायरी १: आधी स्वतःचा वापर लिहून काढा

गाडी रोज किती किलोमीटर चालणार, त्यातल्या किती फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्या असणार, सातही सीट महिन्यातून किती वेळा भरणार, घाट किती, धूळ किती, मागे ट्रेलर ओढायचा आहे का, आणि गाडी किती वर्षं ठेवायची आहे, हे कागदावर उतरवा. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. चार वर्षांनी विकणाऱ्याला जी गाडी अगदी निर्धोक ठरते, तीच बारा वर्षं ठेवणाऱ्याला महागात पडू शकते.

सात सीटच्या गाडीचा वापर बहुतेक घरांत दोन टोकांचा असतो. आठवडाभर एक-दोन माणसं घेऊन छोट्या फेऱ्या, आणि सुट्टीत एकदम सात माणसं, सामान आणि लांबचा पल्ला. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही आणि भरगच्च प्रवासात त्याच्याकडून पूर्ण ताकद मागितली जाते. यातल्या एका टोकाला चांगली असलेली यंत्रणा दुसऱ्या टोकाला कमी पडू शकते.

डिझेल गाडीत हे लगेच दिसतं. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ होण्यासाठी आतलं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालायला हवी. रोजची फेरी दहा मिनिटांची असेल तर ही साफसफाई मध्येच तुटते, जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि फिल्टर तुंबत जातो. अशा घरासाठी डिझेल गाडी कितीही चांगल्या कंपनीची असली तरी चुकीचीच. उलट महामार्गावर रोज लांब जाणाऱ्याला तेच इंजिन वर्षानुवर्षं साथ देतं.

पायरी २: उमेदवार गाडीची पूर्ण ओळख

यादीत नुसतं मॉडेलचं नाव लिहू नका. पिढी, इंजिनची क्षमता आणि शक्य झाल्यास इंजिनचा कोड, गिअरबॉक्सचा प्रकार, टू व्हील ड्राइव्ह की फोर व्हील, आणि उत्पादनाचं वर्ष, हे सगळं लिहा. एकाच मॉडेलचे तीन इंजिन पर्याय असतील तर त्या तीन वेगळ्या गाड्या समजा. या लेखातलं पुढचं सगळं काम याच ओळखीवर चालतं.

सुरक्षेची चाळणीही इथेच लावा. तिसऱ्या रांगेपर्यंत खिडक्यांच्या बाजूने उघडणाऱ्या पडदा एअरबॅग, सातही सीटना तीन बिंदूंचे बेल्ट आणि क्रॅश टेस्टचा निकाल पाहा. यात जी गाडी बसत नाही, ती यादीतून काढा. भरवशाची तुलना उरलेल्यांतच करायची.

पायरी ३: पाहण्या वाचा, पण त्या काय मोजतात ते समजून

भरवशाचे आकडे देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्या सगळ्या एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो.

जे. डी. पॉवरच्या दोन पाहण्या प्रसिद्ध आहेत. एक पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजते, दुसरी तीन वर्षं वापरलेल्या गाडीच्या मूळ मालकांना विचारते. दोन्हींचा निकाल दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी अशा आकड्यात येतो, म्हणजे आकडा जितका कमी तितकं चांगलं. पण फोन स्क्रीनला नीट जोडला जात नाही ही तक्रारही त्यात एक आणि गिअरबॉक्स बदलावा लागला ही तक्रारही एकच. गेल्या काही वर्षांत सर्वाधिक तक्रारी स्क्रीन, फोन जोडणी आणि व्हॉइस कमांडच्या आहेत. त्यामुळे नुसता आकडा पाहिला तर किरकिऱ्या स्क्रीनची, पण दणकट इंजिनची गाडी वाईट ठरते.

अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था आपल्या सदस्यांना विचारते आणि इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी अशा मोठ्या बिघाडांना जास्त वजन देते. शिवाय तिथे भागवार निकाल वाचता येतो. माझ्या मते खरेदीदारासाठी हा निकालच एकूण गुणांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

जर्मनीतला ट्यूव्ह रिपोर्ट सक्तीच्या तपासणीत सापडलेल्या दोषांवर बनतो. दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गंज आणि तेलगळती यांबद्दल त्यातून चांगलं कळतं. इंजिन आतून कसं आहे याबद्दल तो फारसं बोलत नाही. एडीएसी ही मोटर संघटना रस्त्यात मदतीसाठी आलेले कॉल मोजते, आणि वर्षानुवर्षं त्यातलं सर्वांत मोठं कारण साधी १२ व्होल्टची बॅटरी हेच असतं. ब्रिटनमध्ये सक्तीच्या तपासणीचा इतिहास कुणालाही नंबर प्लेटवरून ऑनलाइन विनामूल्य पाहता येतो.

तुम्ही कुठल्याही देशात असलात तरी हे वाचण्यात फायदा आहे, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स देशोदेशी तेच असतात. फक्त तिथे विकलं जाणारं इंजिन आणि तुमच्याकडचं इंजिन एकच आहे याची खात्री करा. नाव तेच आणि आत इंजिन वेगळं, असं पुष्कळदा असतं.

मालकांच्या तक्रारी वाचताना एक सवय लावून घ्या. संख्या मोजू नका, साचा शोधा. "गाडी भंगार आहे" अशा शंभर ओरडींपेक्षा "साधारण तेवढ्याच किलोमीटरला, तोच पंप, तशीच गळती" हे पाच अनोळखी मालकांनी वेगवेगळं सांगणं जास्त बोलकं असतं. खूप विकल्या जाणाऱ्या गाडीच्या तक्रारी संख्येने जास्तच असणार, त्यावरून तिला दोष देऊ नका.

पायरी ४: मॉडेलचं वय आणि रिकॉल

यंत्रांच्या बिघाडाचा आलेख साधारणपणे सुरुवातीला उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा उंच असतो. हे एका गाडीला लागू पडतं आणि कारखान्यातून निघणाऱ्या संपूर्ण मॉडेललाही. पहिल्या वर्षी जुळणीतल्या चुका, सॉफ्टवेअरचे घोळ आणि पुरवठादारांचे सदोष भाग बाहेर पडतात.

फोर्ड एक्सप्लोरर २०२० च्या मॉडेलला नव्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) आली. पहिल्याच हंगामात हजारो गाड्या विक्रीला जाण्याआधी दुरुस्तीसाठी दुसऱ्या कारखान्यात पाठवाव्या लागल्या. पुढे मागच्या अ‍ॅक्सलच्या बोल्टसाठीही २०२० ते २०२२ च्या गाड्या रिकॉल झाल्या, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ही कहाणी फोर्डचीच आहे असं नाही. नवा प्लॅटफॉर्म, नवं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स तिन्ही एकाच वर्षी आले की धोका कुणालाही चुकत नाही.

म्हणून माझा नियम असा: संपूर्ण नवं मॉडेल असेल तर किमान दीड-दोन वर्षं थांबा. नुसतं बाह्यरूप बदललं असेल आणि आत जुनं, मुरलेलं इंजिन असेल तर थांबायची गरज नाही. एखाद्या पिढीची शेवटची दोन वर्षं भरवशाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत चांगली असतात, मग त्यातली स्क्रीन थोडी जुनी वाटली तरी चालेल.

रिकॉलची संख्या पाहून घाबरू नका. रिकॉल म्हणजे कंपनीने चूक मान्य केली आणि फुकट दुरुस्ती दिली. कारण काय होतं आणि उपाय काय केला, हे वाचा. सॉफ्टवेअर बदलून सुटणारा रिकॉल किरकोळ. इंजिनच्या आतल्या बेअरिंगचा रिकॉल गंभीर.

मोठमोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनात घडणीच्या वेळी राहिलेले धातूचे कण ऑइलचा मार्ग अडवत आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग निकामी होई. २०१५ मध्ये सुरू झालेल्या रिकॉलमध्ये २०१७ साली किया सोरेंटोही आली. टोयोटा म्हणजे भरवसा असं जग मानतं, तरी २०२४ मध्ये त्यांच्या नव्या व्ही-६ ट्विन टर्बो इंजिनात तसाच कचरा राहिल्यामुळे सुमारे १ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यात टुंड्रा ट्रकबरोबर लेक्सस एलएक्सही होती. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी अमेरिकेत जवळपास ६ लाख गाड्यांचा रिकॉल काढला. टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड या तीन रांगांच्या गाड्या त्यात होत्या.

ही उदाहरणं कुणाला बदनाम करायला दिलेली नाहीत. त्याच टोयोटाची दुसरी इंजिनं लाखो किलोमीटर चालतात. म्हणूनच मी कंपनीऐवजी इंजिनाचं नाव विचारा असं पुन्हा पुन्हा सांगतो. १७ अंकाक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक, कंपनीच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर टाकला की त्या नेमक्या गाडीवर कोणता रिकॉल बाकी आहे ते कळतं. वापरलेली गाडी घेताना हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ५: इंजिन

तीन प्रश्न विचारा. पहिला, गाडीच्या वजनाला इंजिन पुरेसं आहे का? छोटं टर्बो इंजिन रिकाम्या गाडीत छान पळतं. सात माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना मात्र ते सतत जोरात काम करतं, टर्बो आणि ऑइल तापतं. घरी सात सीट खरोखर भरत असतील तर इंजिन पर्यायांतला सर्वांत लहान सहसा टाळा.

दुसरा प्रश्न, टायमिंगसाठी, म्हणजे इंजिनच्या झडपा योग्य वेळी उघडण्यासाठी, चेन आहे, कोरडा बेल्ट आहे, की ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट? कोरडा बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलला की प्रश्न मिटतो. ऑइलमधल्या बेल्टबाबत फार सावध राहा. प्यूजो ५००८ या सात सीटच्या गाडीतही आलेल्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात हा बेल्ट ऑइलमध्ये झिजत जाई. त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकत आणि इंजिनाला ऑइल कमी पडे. तक्रारी वाढल्यावर प्यूजोची मालक कंपनी स्टेलँटिसने २०२४ मध्ये युरोपात या इंजिनासाठी १० वर्षं किंवा १,७५,००० किमीपर्यंत संरक्षण दिलं, आणि नव्या आवृत्तीत बेल्टच्या जागी चेन आणली. असं इंजिन असलेली जुनी गाडी घ्यायचीच असेल तर प्रत्येक ऑइल बदलाची पावती आणि वापरलेल्या ऑइलचा ग्रेड पाहा. चुकीच्या ऑइलने हा बेल्ट लवकर खराब होतो.

तिसरा प्रश्न, हे इंजिन बाजारात किती वर्षं आहे आणि आणखी कोणत्या गाड्यांत आहे? दहा वर्षं पाच मॉडेलमध्ये फिरलेल्या इंजिनाचे सगळे गुणदोष मेकॅनिकना पाठ असतात.

हायब्रीडला लोक उगाच घाबरतात. टोयोटाच्या हायब्रीडमधल्या ई-सीव्हीटीत नेहमीच्या सीव्हीटीसारखा पट्टा किंवा साखळी नसते. प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर एवढ्यावर काम चालतं. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, आणि ब्रेकचं बरंच काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. तीन रांगांच्या हायलँडरमध्ये ही पद्धत दोन दशकांपासून आहे. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. हायब्रीड बॅटरी थंड ठेवणारी हवा बऱ्याच गाड्यांत सीटजवळच्या जाळीतून आत जाते. मुलांची दप्तरं, चादरी, बिस्किटांचा चुरा आणि कुत्र्यामांजराचे केस तिथे अडकले की बॅटरी तापते. सात सीटच्या घरगुती गाडीत हे हमखास होतं. ती जाळी कुठे आहे ते विक्रेत्याला दाखवायला सांगा.

पायरी ६: गिअरबॉक्स, इथे घाई नको

सात सीटच्या गाडीत सर्वांत महाग आणि मनस्ताप देणारा बिघाड बहुधा गिअरबॉक्सचाच असतो. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा, नेहमीचा ऑटोमॅटिक जड गाडीसाठी आजही सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्या ऐसिनचे ऑटोमॅटिक आणि झेडएफचा ८ गिअरचा ८एचपी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. त्यात कोरडा आणि ओला असा फरक आहे. कोरड्या क्लचला थंडावा देणारं ऑइल नसतं. त्यामुळे मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रहदारीत, चढावर, भरलेल्या गाडीत तो तापतो आणि झिजतो. फोक्सवॅगनचा ७ गिअरचा कोरडा डीक्यू२०० केवळ २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी (फिरवण्याच्या जोरासाठी) बनवला होता आणि २०१३ मध्ये चीनमध्ये तो रिकॉलच्या यादीत गेला. त्याच कंपनीचे ओल्या क्लचचे गिअरबॉक्स जास्त टॉर्क पेलतात. सात सीटच्या गाडीसाठी कोरड्या क्लचला माझा ठाम नकार आहे. ओला चालेल, पण ऑइल वेळेवर बदलायची तयारी ठेवा.

पट्ट्याचा सीव्हीटी सौम्य चालवणाऱ्यासाठी ठीक असतो. जड गाडी, घाट आणि ट्रेलर या तिन्हींपैकी दोन गोष्टी तुमच्या वापरात असतील तर टाळा. आणि गिअरबॉक्समधलं ऑइल "आयुष्यभराचं" आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झेडएफ स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल साधारण ८०,००० ते १,२०,००० किमीच्या दरम्यान बदलायला सांगते.

पायरी ७: सात सीटमुळे येणारे बिघाड

हा भाग पाहण्यांत फारसा दिसत नाही, म्हणून इथे स्वतः डोळे उघडे ठेवायचे.

आधी वजन. गाडीचं कमाल मान्य वजन उणे रिकामं वजन म्हणजे तुम्हाला भरता येणारा भार. समजा हा फरक ६०० किलो आहे. सत्तर किलोची सात माणसं म्हणजे ४९० किलो. सामानाला उरले ११० किलो, आणि छतावर कॅरिअर लावला तर त्याचं वजनही यातच. युरोपीय आकड्यांत रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, दुसरीकडे तो धरलेला नसतो. तुलना करताना हे तपासा. ज्या गाडीत हा भार काठावर आहे, तिचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश, व्हील बेअरिंग आणि टायर लवकर जाणार. मागे साधी स्प्रिंग आहे की एअर सस्पेन्शन, हेही विचारा. एअर सस्पेन्शनचा आराम अप्रतिम, पण रबरी पिशव्या म्हातारपणी गळतात आणि कॉम्प्रेसर जादा चालून बसतो. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने साधी स्प्रिंग घ्यावी.

मागचा एसी वेगळा विषय आहे. तिसऱ्या रांगेपर्यंत गार हवा न्यायला अनेक गाड्यांत मागे दुसरा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी जाळी) आणि ब्लोअर असतो. त्याकडे जाणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात, तिथे चिखल, खडी आणि गंज त्यांची वाट लावतो. गॅस गळला की पुढचाही एसी जातो.

मग हलणारे भाग: सरकणारी आणि उलटणारी मधली सीट, विजेवर दुमडणारी तिसरी रांग, बटणावर उघडणारी डिकी. मुलं या गोष्टी दिवसातून अनेकदा ओढतात. हाताने दुमडणारी सीट मी मोटरच्या सीटपेक्षा केव्हाही पसंत करेन. मोठ्या काचेच्या छताला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडात आणि वायरिंगमध्ये उतरतं.

पायरी ८: टेस्ट ड्राइव्ह सात जणांनी करा

विक्रेत्यासोबत रिकाम्या गाडीत दोन किलोमीटरची फेरी म्हणजे काहीच नाही. घरची सगळी माणसं बसवा आणि चढाचा रस्ता शोधा. चढावर थांबून पुन्हा निघा. गिअर बदलताना धक्का, घरघर किंवा क्षणभर ताकद जाणं जाणवतं का पाहा. रिव्हर्समध्ये टाकल्यावर गाडी किती वेळाने हलते ते मोजा. मागच्या माणसाला एसीची हवा किती मिनिटांत लागली ते विचारा. स्पीड ब्रेकरवरून जाताना मागचं सस्पेन्शन तळाला आपटतंय का, हे तिसऱ्या रांगेतला माणूसच सांगू शकेल. गाडी वापरलेली असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, स्वतः सुरू करा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

पायरी ९: सर्व्हिस, पार्ट आणि वॉरंटी

तुमच्या रोजच्या परिघात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का आणि त्याशिवाय ही गाडी जाणणारा स्वतंत्र मेकॅनिक आहे का, हे पाहा. मेकॅनिकला "गाडी कशी आहे" विचारू नका. "या इंजिनात तुम्ही सर्वांत जास्त काय बदलता?" असं विचारा. नेमकं उत्तर मिळतं. पार्ट विभागात जाऊन पुढचा दिवा, वॉटर पंप आणि गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट किती दिवसांत येतो तेही विचारून घ्या. बिघाड कमी पण पार्ट महिनाभर येत नाही, अशी गाडी घरासाठी भरवशाची म्हणता येत नाही.

वॉरंटीच्या वर्षांपेक्षा वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. क्लच, टर्बो, हायब्रीड बॅटरी, स्क्रीन, एअर सस्पेन्शन यांना अनेकदा वेगळी मुदत असते. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी देखभालीचं वेगळं वेळापत्रक असतं. वारंवार छोट्या फेऱ्या, धूळ, जड भार, ट्रेलर, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, हे सगळं त्यात मोडतं. सात सीटच्या बहुतेक घरगुती गाड्या याच वर्गात येतात. त्याच वेळापत्रकाने ऑइल बदलणं परवडेल का, हे गाडी घेण्याआधी ठरवा.

पायरी १०: आता तोला

प्रत्येक उमेदवारासाठी आतापर्यंत सापडलेले ज्ञात बिघाड तीन रकान्यांत टाका: गाडी जागेवर थांबवणारे, मोठा खर्च लावणारे आणि नुसता त्रास देणारे. पहिल्या रकान्यात गिअरबॉक्स, इंधन पंप, टायमिंग, कूलंट गळती येतील. दुसऱ्यात टर्बो, एअर सस्पेन्शन, मागचा एसी. तिसऱ्यात स्क्रीन, खडखडाट, पार्किंग सेन्सर.

समजा एका गाडीच्या तिसऱ्या रकान्यात आठ नोंदी आहेत आणि पहिला रकाना रिकामा आहे. दुसरीच्या तिसऱ्या रकान्यात एकच नोंद, पण पहिल्यात "८०,००० किमीनंतर गिअरबॉक्स" असं लिहिलेलं. पाहणीच्या एकूण गुणांत दुसरी वर असेल. सात माणसांसाठी मी डोळे मिटून पहिली घेईन. पहिल्या रकान्यातली एक नोंदही वॉरंटीबाहेर जाणार असेल, तर ती गाडी यादीतून काढा, मग ती कितीही आवडलेली असो. तुम्ही गाडी वॉरंटी संपण्याआधी विकणार असाल तरच हा नियम सैल करा.

दोन गाड्या बरोबरीत आल्या तर जिचं इंजिन आणि गिअरबॉक्स जास्त काळ बाजारात आहे, ती घ्या. तिथेही बरोबरी झाली तर कमी मोटर आणि कमी इलेक्ट्रॉनिक सोयी असलेलं व्हेरिअंट घ्या.

गाडी घेतल्यावर करायचं एक काम

वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख आजच फोनमध्ये टाकून ठेवा. त्या तारखेला गाडी लिफ्टवर चढवून स्वतंत्र मेकॅनिककडून खालून तपासून घ्या. टर्बोभोवती ऑइलचा ओलावा, कूलंटचे डाग, गिअरबॉक्सची गळती, मागच्या एसीच्या नळ्या, व्हील बेअरिंगचा आवाज, शॉक अ‍ॅब्सॉर्बर. जे सापडेल ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. मुदतीत नोंदलेल्या तक्रारीचा भाग नंतर बदलायची वेळ आली, तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो.